जेवणाच्या टेबलावर लिंबू पिळणी ठेवावी की नाही?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे वरण-बट्टी असो, शेवभाजी असो की साधी मुगाची खिचडी, ताटात लिंबाची फोड हवीच. सासऱ्यांची, म्हणजे आमच्या आप्पांची, बोटं सांध्यांत आखडली आहेत. फोड दाबली तरी निम्मा रस सालीतच राहतो. दुसऱ्या कुणी पिळून दिलेलं त्यांना आवडत नाही. "माझ्या ताटात किती आंबट ते मला ठरवू द्या," असं ते म्हणतात आणि मला ते पटतं. म्हणून हातात धरायची दोन दांड्यांची स्टीलची पिळणी मी स्वयंपाकघरातून उचलून टेबलावर मिठाच्या वाटीशेजारी ठेवायला लागले.

यावरून घरात दोन तट आहेत. सासूबाईंच्या मते ओट्यावरचं हत्यार ओट्यावरच बरं, पाहुण्यांपुढे तर नाहीच. माझं म्हणणं, जेवणाऱ्याला जे हातासरशी लागतं ते टेबलावर असावं. श्रावणात आमच्याकडे नातेवाईक वरण-बट्टीला यायचे आहेत, त्यातले बरेच साठी ओलांडलेले. तुमच्याकडे काय करता? उष्ट्या हाताचं काय? शिंतोडे उडतात त्यावर काही उपाय? आणि दुखऱ्या बोटांना कोणती पिळणी सोपी जाते? अनुभवाचं सांगा.

बट्टीवाला
ठेवा बिनधास्त. गरम बट्टी कुस्करली, वर वरण, त्यावर तूप आणि मग लिंबू. ह्या क्रमात लिंबासाठी उठून ओट्यापर्यंत जायचं म्हणजे बट्टी निवणार.

नंदुरबारचा_भाचा
भो, हात शेतस ना! लिंबूले चिमटा कसाले जोयजे?

सुगरण_धुळे
भाच्या, आप्पांची बोटं दुखतात असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय ताईंनी. आधी वाच, मग लिही.

ताई, माझा विरोध पिळणीला नाही, ती टेबलावर ठेवायला आहे. लिंबाची फोड ताटात वाढायची आपली रीत विचारपूर्वक आहे. मीठ वरच्या बाजूला, त्याच्या डावीकडे लिंबू, मग चटणी, कोशिंबीर. ज्याला हवं त्याने घ्यावं, नको त्याने तसंच ठेवावं. आणि फोड नीट कापली तर पिळणीची गरजच पडत नाही. लिंबू उभं धरायचं, मधला गाभा सोडून बाजूचे गाल कापून घ्यायचे. बिया बहुतेक गाभ्याला चिकटून राहतात, फोड पातळ असते, अंगठा आणि एका बोटात सहज दाबली जाते. खानावळीत देतात ती आडव्या लिंबाची जाड चकती कुणालाच पिळता येत नाही, तरुणांनाही नाही.

खापरावरची
सुगरणताईंचं गालाच्या फोडीचं अगदी खरं. पण त्यात एक अडचण आहे. अशा फोडीत गाभ्याला लागलेला रस वाया जातो. एप्रिल २०२२ मध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं, ते दिवस आठवा. तेव्हा आमच्या घरी गाभासुद्धा वरणावर पिळला जायचा.

एरंडोलकर_शेतकरी
भावाचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. आमच्या शेतात कागदी लिंबाची झाडं आहेत. लिंबाला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार येतात. उन्हाळ्यात भाव हवा तर हस्त बहार धरावा लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फूल निघालं की फळ मार्च ते मेमध्ये हाती येतं. पण पाऊस लांबला, झाडाला पाण्याचा ताण बसला नाही, तर फूलच निघत नाही, आणि बाजारात ऐन उन्हाळ्यात लिंबू दिसत नाही. २०२२ ला तसंच झालं, वरून कडक ऊन आणि वाहतुकीचा वाढलेला खर्च.

आता पिळणीबद्दल. लिंबू कसं निवडता त्यावर अर्धं काम अवलंबून आहे. हिरवंगार, कडक, जाड सालीचं लिंबू कुठल्याही यंत्रात घाला, रस कमीच. साल पातळ, गुळगुळीत, थोडी पिवळसर, आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागणारं फळ घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती जात लावली असेल त्याच्याकडून मिळालं तर उत्तमच. फ्रिजमधलं लिंबू जेवणाच्या अर्धा तास आधी बाहेर काढा आणि कापायच्या आधी टेबलावर तळहाताखाली दाबून फिरवा. आतले रसाचे कोष सुटतात. आप्पांना हे फिरवायचं काम देता येईल, त्यात बोटं वळवावी लागत नाहीत.

तापीकाठ
शेतकरी दादा, हे फार कामाचं सांगितलंत. तळहाताखाली लिंबू फिरवणं आप्पांना नक्की जमेल.

दांडपट्टा
मी यंत्र अभियंता, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दोन दांड्यांची पिळणी म्हणजे तरफ. बिजागरी एका टोकाला, लिंबू मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला. अडकित्त्याचंही तेच तत्त्व. बिजागरीपासून लिंबाच्या वाटीचा मध्य समजा ४ सेंटीमीटर आणि पकडीची जागा १६ सेंटीमीटर. मग हाताचा जोर चौपट होऊन लिंबावर पडतो. आप्पांनी ५ किलोचा दाब दिला तर लिंबाला २० किलोचा बसतो. म्हणून दांडी लांब ती पिळणी सोपी, आणि हात शक्य तितका टोकाला धरायचा. आखूड दांड्यांची देखणी पिळणी दुखऱ्या बोटांना उपयोगाची नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. अर्धं लिंबू वाटीत कसं ठेवायचं? बहुतेक घरांत गोल बाजू खाली, म्हणजे वाटीच्या आकारात बसेल अशी ठेवतात. ते उलटं आहे. कापलेली सपाट बाजू खाली, भोकांकडे यायला हवी. वरची घुमटी सालीच्या पाठीवर दाबते, साल मोज्यासारखी उलटी होते आणि रस सरळ भोकांतून खाली पडतो. गोल बाजू खाली ठेवली की साल भोकांवर बसून ती बुजवते, रस वर साचतो आणि वाट मिळेल तिकडून, म्हणजे बाजूने, उडतो. शिंतोड्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आणि पिळणीसाठी लिंबू आडवं कापायचं, उभं नाही. आडव्या कापात रसाच्या सगळ्या फाका एकदम उघडतात. देठाकडचं टोक जरासं छाटलं तर अर्ध्या भागाला बसायला जागा मिळते.

मोहरी
दांडपट्टा, आजच करून पाहिलं. सपाट बाजू खाली ठेवून पिळलेली साल खरंच उलटी होऊन बाहेर आली आणि टेबलावर एक थेंब नाही. धागा वाचनखुणांत साठवला.

नंदुरबारचा_भाचा
सुगरण मावशी, वाचलं सगळं. आप्पांसाठी असेल तर माझा विरोध मागे. आमच्या गल्लीत मिरच्यांचे देठ मोडायला बायका बसतात, त्यांच्या बोटांना लिंबू लागलं की डोळ्यांत पाणी येतं. त्यांच्यासाठी चिमटा चांगलाच.

सुगरण_धुळे
शहाणा भाचा!

जुना_वाडा
मंडळी, मूळ धाग्यात उष्ट्या हाताचा प्रश्न होता, त्याला कुणी हातच घातला नाही. माझ्या मते खरा मुद्दा तो आहे.

आपण उजव्या हाताने जेवतो. जेवताना उजवा हात वरणात भरलेला. फोड पिळायची तर त्याच हाताने, कारण ती आपल्या ताटातली, आपलीच. तिथे काही बिघडत नाही. पिळणी मात्र सगळ्यांची. तिला भरलेला हात लागला की पुढच्याने ती कशी घ्यायची? म्हणजे ती डाव्या हाताने वापरावी लागणार. जेवताना डाव्या हाताने पळी धरून वाढून घेतो, पाण्याचा तांब्या उचलतो, ते सगळ्यांना चालतं. मग पिळणीही चालायला हवी. पण डाव्या हातात तेवढा जोर असतो का? आणि एका हाताने दाबताना ती ताटावर स्थिर कशी राहणार? पिळणीतून थेट ताटात रस पडतो तेव्हा वाफ आणि तेलाचे थेंब तिच्या तळाला लागतात, तीच पिळणी मग दुसऱ्याच्या ताटावर. माझ्या आईसारख्या जुन्या माणसांना हे चालणार नाही, आणि त्यांचा तो आग्रह मला चुकीचा वाटत नाही. एका ताटावरचं दुसऱ्या ताटावर जाऊ नये ही साधी स्वच्छता आहे.

खापरावरची
मग जेवायला बसायच्या आधी सगळी लिंबं पिळून रस वाटीत काढून ठेवायचा आणि वाटीत छोटा चमचा. संपला प्रश्न. एका चांगल्या कागदी लिंबाचा तीन-चार चहाचे चमचे रस निघतो, दहा माणसांना सहा-सात लिंबं पुरतात.

बट्टीवाला
नाही हो, वाटीतल्या रसाला तो वासच नसतो! लिंबू ताटावर पिळलं की पहिला सुगंध येतो, त्याच्यासाठी तर लिंबू.

दांडपट्टा
बट्टीवाल्यांचं बरोबर आहे, आणि त्याला कारण आहे. लिंबाचा वास रसात कमी आणि सालीत जास्त असतो. सालीच्या वरच्या रंगीत थरात बारीक तेलाच्या पिशव्या असतात, त्यात मुख्यतः लिमोनीन. साल दाबली की त्या फुटतात आणि तेल उडतं. दांड्यांच्या पिळणीत साल पूर्ण दबते, म्हणून तेलही रसात उतरतं. घुमटावर फिरवून रस काढायची काचेची किंवा प्लास्टिकची जी बशी मिळते, तिच्यात साल फारशी दबत नाही, रस मिळतो पण वास कमी. मात्र अती जोर लावून पांढरा मगज आणि बिया चिरडू नका, त्यातून कडसरपणा येतो. काढून ठेवलेला रस वेळ जाईल तसा कडवट होतो तोही त्यामुळेच.

पेशंटची_मैत्रीण
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आप्पांसारख्या रुग्णांसाठी थोडं सांगते.

घुमटावर फिरवायच्या बशीचा वर उल्लेख आला. सांधे दुखणाऱ्यांनी ती टाळावी, कारण मनगट पिळावं लागतं आणि फोड चिमटीत घट्ट धरावी लागते. दांड्यांची पिळणी त्यापेक्षा चांगली, पण तिलाही एक अट आहे. पूर्ण अर्धं लिंबू घातलं की दांड्या खूप उघड्या राहतात आणि पंजा ताणून पकडावं लागतं. सुजलेल्या सांध्यांना तेच अवघड जातं. म्हणून लहान लिंबू घ्या, किंवा अर्ध्याचे दोन तुकडे करून एकेक पिळा. दांड्या जवळ येतात, पकड सोपी होते.

शक्य असेल तर बोटांनी न दाबता दोन्ही तळहातांच्या मध्ये दांड्या धरून, कोपर टेबलावर टेकवून दाबायला सांगा. जोर दंडातून आणि खांद्यातून येतो, बोटांवर भार पडत नाही. जाड, रबरी वेष्टणाच्या दांड्या असतील तर आणखी बरं. सकाळी सांधे जास्त आखडलेले असतात, त्यामुळे रात्रीच्या जेवणात जमतं ते सकाळच्या नाश्त्याला जमेलच असं नाही. तेव्हा मदत करा, पण आधी विचारून करा. स्वतःच्या हाताने स्वतःच्या ताटात पिळणं हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत जपण्यासारखा आहे.

तापीकाठ
ताई, कोपर टेकवून तळहातांत धरायची युक्ती आत्ताच आप्पांना दाखवली. पहिल्या खेपेलाच जमलं. मनापासून आभार.

जुना_वाडा
पण मग दोन्ही हात लागणार, म्हणजे जेवायला सुरुवात करण्याआधीच पिळावं लागणार.

पेशंटची_मैत्रीण
हो, आणि तुमच्या उष्ट्या हाताच्या प्रश्नाचं उत्तरही तेच. वाढून झालं, अजून कुणी घास घेतलेला नाही, सगळ्यांचे हात स्वच्छ आहेत. तेव्हा पिळणी एकदा टेबलावरून फिरू द्या.

जुना_वाडा
हे मान्य. पण पिळणी ताटावर नको, प्रत्येकाच्या छोट्या वाटीवर धरा. वाफ लागत नाही, एखादी बी पडली तर दिसते, आणि लागेल तसं घालता येतं. दुसऱ्या वाढीला बट्टी आली की वाटीत शिल्लक असतंच.

त्वचेचा_डॉक्टर
एक सूचना, खास आपल्या भागासाठी. हाताने लिंबं पिळून तसेच उन्हात जाऊ नका. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं. लगेच काही कळत नाही. दिवसा-दोन दिवसांनी लाली, कधी फोड येतात, आणि मग तपकिरी डाग कित्येक आठवडे राहतात. वैद्यकीय नाव फायटोफोटोडर्मटायटिस. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लग्नघरी सरबतासाठी शेकडो लिंबं हाताने पिळणारी आचारी मंडळी आणि लिंबू-सोड्याच्या गाड्यावरची मुलं दिवसभर उन्हातच असतात. त्यांना पिळणी द्याच, आणि पिळून झाल्यावर साबणाने हात धुवायला सांगा. नुसतं पाणी पुरत नाही, सालीचं तेल पाण्याने निघत नाही.

मोहरी
डॉक्टर, हे मला पूर्ण नवीन आहे. माझ्या भावाच्या हातावर उन्हाळ्यात असेच डाग उठले होते आणि सगळे ॲलर्जी म्हणत होते. त्याला दाखवते हा धागा.

फिरस्ता_फैजपूर
आता धातूवर बोला कुणीतरी. सारंगखेड्याच्या यात्रेत भांड्यांच्या दुकानात ॲल्युमिनियमची ओतीव पिळणी स्वस्तात मिळते, हाताला वजनदार असते. आमच्या घरी तीच आहे. ती काळपट पडते. चालेल ना?

दांडपट्टा
लिंबाच्या रसात साधारण ५-६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, सामू (पीएच) २ ते २.५ च्या आसपास. इतक्या आम्लात उघडं ॲल्युमिनियम हळूहळू विरघळतं. पिळणीशी रसाचा संबंध काही सेकंदांचा, त्यामुळे घाबरण्यासारखं नाही, पण वापरून तशीच ओली ठेवली की पृष्ठभाग खात जातो आणि काळी भुकटी हाताला लागते. लगेच धुऊन कोरडी करा. रंगीत मुलामा दिलेली असेल आणि मुलामा उडायला लागला असेल तर बदला. नवी घेत असाल तर ३०४ प्रतीचं स्टील. बिजागरीचा खिळा भक्कम आहे का ते दुकानातच उघडझाप करून पाहा, आधी मोडतो तो तोच.

खापरावरची
आणि हौसेने पितळेची आणू नका. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुणेकर_मूळचा_पारोळ्याचा
टेबलावर शोभण्याचा मुद्दा सासूबाईंनी काढला म्हणून सांगतो. फिलिप स्टार्क या फ्रेंच रचनाकाराने १९९० साली अलेस्सी या इटालियन कंपनीसाठी तीन लांब पायांची लिंबू पिळणी केली. लोक ती टेबलावर मधोमध मांडून ठेवतात. लिंबू वरून दाबून फिरवायचं, रस पायांमधल्या पेल्यात पडतो. बिया मात्र अडत नाहीत. आणि अमेरिकेत १८९६ साली जॉन टी. व्हाइट यांना लिंबू पिळणीचं पेटंट मिळालं होतं. एवढी माणसं या छोट्या वस्तूवर डोकं लावत आली आहेत, तेव्हा आपल्या टेबलावर तिला जागा द्यायला हरकत नसावी.

बट्टीवाला
बिया न अडणारी पिळणी आप्पांच्या कवळीला नको!

सुगरण_धुळे
विषय निघाला आहे तर कुठल्या पदार्थावर लिंबू चालत नाही तेही ठरवा. भरतावर लिंबू पिळणाऱ्यांचं मला खूप वाईट वाटतं. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, काडीवर भाजलेली, लाकडाच्या बडजीत कुटलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. तिथे लिंबाचं काय काम?

फिरस्ता_फैजपूर
शंभर टक्के सहमत. भरताच्या पंगतीत पिळणी फिरवली तर आमच्या यावल-रावेरकडची मंडळी ताटावरून उठतील.

नंदुरबारचा_भाचा
मी पिळतो भरतावर लिंबू. भारी लागतं.

सुगरण_धुळे
शहाणा म्हटलेलं परत घेतलं.

मोहरी
शेवभाजीवर मात्र हवंच. तर्री तिखट असते, लिंबाने जीव थाऱ्यावर येतो. कळण्याच्या भाकरीबरोबर मेथीची भाजी असेल तर त्यावरही पिळा. भाजी-धान्यातलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते. शिजवताना घातलं तर उष्णतेने ते बरंचसं जातं, म्हणून ताटातच घ्यायचं.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना पूर्ण धागा वाचून दाखवला. जुना_वाडा यांचं एका ताटावरचं दुसऱ्या ताटावर जाऊ नये हे त्यांना अगदी पटलं, आणि मग पिळणीवरचा आक्षेपही थोडा मावळला. ठरलं ते असं. आडवी कापलेली लिंबं एका थाळीत, दोन लांब दांड्यांच्या स्टीलच्या पिळण्या, प्रत्येकाला छोटी वाटी. वाढून झालं की जेवायच्या आधी पिळण्या फिरवायच्या. ज्यांना फोड आवडते त्यांच्यासाठी सुगरणताईंच्या पद्धतीने गालाच्या फोडीही ताटात वाढणार. लिंबं तळहाताखाली फिरवायचं काम आप्पांनी स्वतःहून मागून घेतलं आहे.

सासूबाईंचा एकच प्रश्न उरलाय. पिळून झालेल्या सालींचं काय करायचं?

एरंडोलकर_शेतकरी
फेकू नका. त्याच दिवशी देवाची तांब्याची भांडी मीठ लावून त्या सालींनी घासा, लख्ख निघतात.

सुगरण_धुळे
नुसती भांडी काय घासता! पिळलेल्या साली चिरून बिया काढा, भरपूर मीठ लावून बरणीत ठेवा, रोज हलवा. साली मऊ झाल्या की लाल तिखट आणि गूळ घाला. कडसरपणा जायला वेळ लागतो, घाई करू नका. श्रावणात ऊन मिळत नाही, म्हणून मीठ हात राखून घालू नका आणि बरणी पूर्ण कोरडी घ्या, नाहीतर बुरशी धरते. ताई, पाहुण्यांची संख्या कळवा, मिठाचा अंदाज सांगते.